कोरडा पगार

कल्याणच्या बंदरावर आषाढ सरत आला की ठोकाठोकी सुरू होत असे. पावसाळ्यासाठी चिखलाच्या वर ओढून ठेवलेली गलबते लाकडी टेकूंवर उभी असत. त्यांच्यावरची झावळ्यांची छपरे निघत, फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवला जाई आणि तळाला चुना व तेल यांचा लेप मिळे. नारळी पौर्णिमेला गलबत पाण्यात, हा तिथला नेम होता. ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी एका गलबतावर दोनच माणसे ठोकत होती. एक गलबताचा मालक. तोच त्याचा तांडेल, म्हणजे गलबत हाकणारा मुख्य माणूस. दुसरा त्याचा म्हातारा खलाशी. बाकीचे पाच खलाशी आलेच नव्हते.

मी तेव्हा ठाण्याच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. राहायला कल्याणला, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. सकाळच्या गाडीने ठाण्याला जायचे आणि दिवे लागायच्या आत परत यायचे, हा क्रम. साप्ताहिकात बंदरातले भाव छापले जात: तांदूळ, मीठ, कौले, नारळ, काथ्या. ते भाव मला हा तांडेलच सांगत असे. त्याच्या भावात कधी फरक निघाला नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास होता. माझा त्याच्यावर विश्वास आहे, म्हणून त्याचा माझ्यावर होता. यापलीकडे आमची ओळख नव्हती.

एका रविवारी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. पान दिले, ते त्याने हातातच धरून ठेवले.

"पंत," तो म्हणाला, "तुमी समद्या मुलखाची खबर काढताव. मंग माझी येक खबर काढा. आगबोटीवर आसं काय देतान, का माझी मानसं तिकडं पलाली?"

"माणसं काय सांगतात?"

"ती बोलतान, आगबोट ती आगबोट. हा काय जबाब झाला?"

मी म्हटले, जबाब झाला नाही. तो म्हणाला, "तेच तर."

त्याची अडचण समजायला फार वेळ लागला नाही. कल्याणच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचा तांदूळ तो दर हंगामात खाडीतून वसईपर्यंत आणि तिथून समुद्राने दक्षिणेकडच्या बंदरांना नेत असे. येताना नारळ आणि सुपारी आणत असे. व्यापाऱ्याने त्या साली निरोप धाडला होता, की पौर्णिमेनंतर आठ दिवसांत गलबत भरायला लागले नाही, तर माल आगगाडीने मुंबईला जाईल आणि तिथून पुढे आगबोटीने. आगगाडी कल्याणला येऊन तेव्हा पंचवीसेक वर्षे झाली होती. तिच्याकडे गेलेला माल बंदरावर परत आलेला कोणी पाहिला नव्हता. तांडेलाला हे माहीत होते. दोन माणसांनी ते गलबत पाण्यातसुद्धा उतरले नसते. तेव्हा प्रश्न एका खेपेचा नव्हता. त्या साली गलबत उभे राहिले असते, तर ते उभेच राहिले असते.

मी काम घेतले. असल्या कामाची एक रीत मला धंद्याने शिकवली होती. दोन पक्षांची तुलना करायची तर दोघांना एकच प्रश्न एकाच शब्दांत विचारायचा, आणि जबाब मिळेपर्यंत आपले मत बोलायचे नाही. वही काढायची नाही. वही दिसली की माणसे जपून बोलतात आणि जपून बोललेले निम्मे उपयोगाचे नसते.

पहिला प्रश्न मी तांडेलालाच विचारला. "तुम्ही काय देता?"

तो गोंधळला. आजवर त्याला हे कोणी विचारले नव्हते. "आमी काय देताव? जा आसतं ता देताव."

"म्हणजे काय?"

"आता कसं सांगू. बापाच्या येलेपास्नं हाय ता हाय."

शेवटी तो मला घरी घेऊन गेला, कारण ही माहिती त्याच्या बायकोकडे होती. तांडेलीण परसात सुके मासे वारा देऊन परत डब्यात भरत होती. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिले.

"यांना इचारून काय उपेग? यांनी जन्मात कोनाला पगार सांगितला नाय. बसा, पंत. इचारा."

तिने सगळे सांगितले, आणि नीट सांगितले. भाड्यातून खर्च वजा जाता निम्मे गलबताचे, निम्मे माणसांचे. माणसांच्या निम्म्यात तांडेलाचे दोन भाग, सुकाणू धरणाऱ्याचा दीड आणि बाकीच्यांचा एकेक. जेवण गलबतावरचे: भात आणि जो मासा मिळेल तो. प्रत्येकाला स्वतःचे एक गाठोडे बिनभाड्याने नेता येई. त्यात कोणी कल्याणची मडकी नेई, कोणी परतताना काथ्या आणी, आणि हुशार माणूस त्यातून बायकोच्या एखाद्या चोळीचा खर्च काढी. माणूस आजारी पडला तर गलबतावर पडून राहायचा, भाग तुटायचा नाही. गलबत बुडाले तर कोणाचे कोणाला काही नाही.

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाल्यात मी तांदूल देतंय," ती म्हणाली. "ज्याचा चुला बंद, त्यानं यावा आन घेऊन जावा. मी कंदी नाय बोलली नाय."

तांडेल मधेच म्हणाला, "बोलली नाय, पन बोलते लय."

"तुमी गप र्‍हावा."

मी तो विनोद समजलो आणि पुढे गेलो.

आगबोटीच्या बाजूने उत्तर देणारा माणूस कल्याणातच होता. खाडीकडच्या मोहल्ल्यात एक सारंग राहत असे. मुंबईहून कोकणच्या बंदरांना जाणाऱ्या एका आगबोटीवरच्या खलाशांचा तो मुकादम. माणसे निवडायची, बोटीवर चढवायची, त्यांच्याकडून काम घ्यायचे आणि त्यांचा पगार वाटायचा, हे त्याचे काम. पाच खलाशी त्याच्याकडेच बोलून आले होते. बांधा उंच, दाढी मेंदीची, अंगात नुकती घडी मोडलेला स्वच्छ सदरा. पावसाळ्यात आगबोट बंद, त्यामुळे तो घरी होता. आणि पावसाळ्यातही त्याच्या घरात दोन्ही वेळा मटणाचा वास येई, असे बंदरावर बोलले जात होते. याचे कारण कोणी विचारले नव्हते.

मी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले.

"पगार बारा रुपये महिना," सारंग म्हणाला. "कोरडा."

"त्यातलं तुमचं काय?"

तो हसला. "तुम्ही सीधे विचारता, ते बरं. पहिल्या पगारातलं आमचं दस्तूर. पुढं नाही. कोणी म्हणेल सारंग दर महिन्याला कापतो, तर दुसरा सारंग असेल. मी नाही."

आजाऱ्याला मुंबईत कंपनीचा डॉक्टर बघतो. बोटीवरून उतरवला की त्या दिवसापासून पगार थांबतो. माणूस मेला तर त्या दिवसापर्यंतचा पगार त्याच्या घरी पोचवतात. सारंग स्वतः दोनदा असा पोचवून आला होता, आणि हे सांगताना तो हसला नाही. बोट बुडाली तरी काम केलेल्या दिवसांचे पैसे मिळतात. गाठोडे नेता येत नाही. नेताना सापडला तर उतरवतात. सदरा कंपनीचा.

"पावसाळ्यात?"

"बोट गोदीत जाते. रंग द्यायला, गंज खरडायला थोडी माणसं लागतात, ती राहतात. बाकीची आपापल्या घरी."

"तुमचं कसं चालतं?"

"अल्लाची मेहेर आणि बायकोच्या माहेरची शेती," सारंग म्हणाला. "डोंबिवलीच्या बाजूला भात आहे. मी काय त्या आगबोटीवर जगतोय होय?"

मोठ्या मनाचा माणूस होता. निघताना त्याने मला विचारले, की तांडेलाची माणसे नेली म्हणून तांडेल रागावला आहे काय. मी म्हटले, रागावलेला नाही, कोड्यात आहे. "मग मी येतो ना बंदरावर," तो म्हणाला. "चोरून थोडीच नेतोय."

पुढच्या रविवारी सकाळी सगळे गलबतापाशी जमले. पाचही खलाशी आले. जायचे तरी तोंडावर सांगून जावे, एवढी रीत ते पाळत होते. तांडेलीणही आली होती आणि टेकूला पाठ लावून उभी होती. म्हातारा खलाशी ठोकायचा थांबला नव्हता, म्हणून मधून मधून त्याच्या ठोक्यासाठी बोलणे थांबवावे लागे. सारंग अजून यायचा होता.

पाचांत एक बोलका होता. मला पाहून तो म्हणाला, "पंत, आमची बातमी छापनार काय? लिवा, कल्यानातले पाच पंडित आगबोटीवर चढले."

"चढून तर दाखव," तांडेल म्हणाला. "होडीत चढताना पाय ओला करतोस."

"आगबोटीला शिडी आसते, तांडेल."

सगळे हसले. तांडेलही हसला, पण उशिरा.

मी सांगायला सुरुवात केली. कोणाची बाजू न घेता, एकेक बाब घेऊन. गलबतावर भाग, आगबोटीवर पगार. भाग कमीजास्त होतो, पगार होत नाही. गेल्या दोन हंगामांतला एकेका भागाचा अदमास तांडेलिणीने दिला होता. बोलका खलाशी त्याला मान हलवत राहिला, तेव्हा तो खरा असावा. तो अदमास बारा रुपयांच्या बराच खाली होता. हे मी सांगितले तेव्हा तांडेलाने खाडीकडे तोंड केले.

"म्हंजे आमी येडं नाय," बोलका म्हणाला.

"अजून झालं नाही," मी म्हटले. "गलबतावर जेवण गलबताचं. तिकडं पगार कोरडा."

"तोच तर!" बोलका उसळून म्हणाला. "कोरडा! ऐक, तांडेल, पंत पन तेच बोलतान."

मला वाटले, त्याला बाब समजली. मी पुढे गेलो. जेवणाचा खर्च बारा रुपयांतून वजा करावा लागेल. पाचांनी मिळून एक चूल केली तरी तिसरा हिस्सा जाईल. गाठोडे नाही, तेव्हा त्याचे मडक्या-काथ्याचे उत्पन्न वजा. पहिल्या पगारातून सारंगाचे दस्तूर वजा. "आणि पावसाळ्याचे चार महिने काहीच नाही," मी म्हटले.

ठोकायचा आवाज थांबला.

"काहीच नाय कसं?" बोलका म्हणाला. "आताच बोललाव कोरडा हाय."

"कोरडा आहे, म्हणूनच म्हणतो."

"पंत, डोकं ठिकान्यावर हाय ना तुमचं? कोरडा हाय, मंग पावसाल्यात नाय कसा?"

दुसऱ्या एकाने त्याला दुजोरा दिला. तिसरा म्हणाला, तांडेलाने पंतांना जेवायला बोलावले असणार. तांडेलीण त्याच्यावर ओरडली. काही क्षण सगळेच बोलत होते आणि मला एवढेच कळत होते, की मी आणि ते एकच शब्द उच्चारतो आहोत आणि एकमेकांना खोटे ठरवतो आहोत. असे झाले की बातमीदाराने पुढे जायचे नसते. मी हात वर केला.

"कोरडा पगार म्हणजे काय?" मी बोलक्याला विचारले.

माझ्याकडे त्याने एखाद्या मुलाकडे पाहावे तसे पाहिले. मग गलबताच्या पोटावर थाप मारली. "हा काय हाय? गलबत कोरड्याला लावलाय. पानी नाय त्याला. आता जो पगार मिलंल तो कोरडा पगार. पान्यातला तो वला. यात काय इचारायचं?"

त्याच वेळी सारंग बांधावरून उतरत होता. पायातले जोडे हातात घेऊन, चिखल चुकवत. मी त्याला तोच प्रश्न विचारला. त्याने क्षणभर विचार केला.

"कोरडा म्हणजे कोरडा. जेवणाशिवाय. जेवूनखाऊन नाही तो. का?"

कल्याणच्या कुठल्याही पांढरपेशा घरात गडी ठेवताना हाच प्रश्न विचारत: जेवूनखाऊन, की कोरडा? मी लहानपणापासून तो शब्द तसाच ऐकत आलो होतो. सारंग मुंबईच्या गोदीत तसाच ऐकत आला होता. बंदरावर तो शब्द गलबताबरोबर वर्षातून एकदा चिखलावर ओढला जाई आणि तिथे त्याचा अर्थ दुसराच होता. पाच खलाशांनी विचारले होते, पगार कसा. सारंगाने सांगितले होते, बारा रुपये, कोरडा. आणि त्यांनी ऐकले होते, की आगबोट चिखलावर असली तरी बारा रुपये चालू. त्यात सारंग भर पावसात मटण खातो हेही त्यांना दिसत होते. पुरावा पक्का होता.

"तुला जेवान मिलत नाय?" बोलक्याने सारंगाला विचारले.

"माझं मी शिजवतो."

"आन पावसाल्यात?"

"सासऱ्याचा भात."

बोलका गलबताला टेकून खाली बसला. मग कोणीतरी हसले, आणि हसणे पसरले. सारंगाला आधी कळले नाही. कळल्यावर तो सर्वांत जास्त हसला आणि हसता हसता त्याचा एक जोडा चिखलात पडला. तांडेलाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. त्याने हातोडा उचलला. त्याच्या दृष्टीने काम झाले होते.

माझ्याही दृष्टीने झाले होते, असे मी म्हणेन. जेवण, गाठोडे, दस्तूर आणि चार महिने वजा जाता आगबोट आणि गलबत जवळपास बरोबरीला येत होते. आणि गलबताला घर जवळ होते. हा निष्कर्ष मी सांगणार होतो. तेवढ्यात म्हातारा खलाशी बोलला. तो एकटाच तांडेलाला सोडून गेलेला नव्हता, म्हणून त्याच्याकडून तक्रारीची कोणाला अपेक्षा नव्हती.

"मंग कोरडा पगार देतो कोन?" तो म्हणाला.

"कोन म्हंजे?" तांडेल म्हणाला. "कोनी नाय."

"ही पोरं त्याच्यासाठीच निंगाली व्हती. बारा रुपयांसाठी नाय."

"आपन तांदूल देताव ना!" तांडेलीण पुढे आली. "का नाय देत? कोनाला कंदी कमी मापलं मी?"

"नाय मापलं कमी," म्हातारा म्हणाला. "तांदूल पन चांगला आसतो. पन मापायच्या आगोदर तू बोलतेस, वयनी."

कोणी हसले नाही. तो पुढे बोलला, कापूस बोटांनी पिळत, कोणाकडे न बघता.

"मी टोपली घेऊन तुज्या परसात उभा र्‍हातो. तू इचारतेस, पोरीच्या लग्नात पानी भरायला का नाय आलास. इचारतेस, बायको घरात काय करते, भात लावायला का जात नाय. मंग मापतेस. मी आट म्हैने तुज्या गलबतावर व्हतो, तवा कोनी काय इचारत नाय. पानी आटला का मी भिकारी."

गलबत सोडणारी माणसे ज्या वाक्यापायी आगबोटीकडे निघाली होती, ते हे वाक्य होते. पाचांपैकी एकानेही ते मला, तांडेलाला किंवा सारंगाला सांगितले नव्हते. त्यांच्या मते ते पगारात मोडत नव्हते. पगाराचा विषय निघाल्यावर माणूस रुपयांचे बोलतो; टोपलीचे बोलत नाही.

तांडेलीण घराकडे निघून गेली. तांडेलाने म्हाताऱ्याकडे पाहिले. "आता ती मना जेवाला घालंल काय?"

"कोरडा र्‍हा," बोलका म्हणाला.

सारंग निघायला उठला, पण मी त्याला थांबवले. त्याच्यासमोर झालेले बरे, असे मला वाटले. थोड्या वेळाने तांडेलीण परत आली. तिच्या हातात पायली होती, घरातले धान्याचे माप, काठाला पितळी पट्टी मारलेले. ती तिने म्हाताऱ्याच्या पुढ्यात, कापसाच्या ढिगावर ठेवली.

"ही गलबतावर र्‍हाऊ दे. शेवटली खेप झाली का हिशोबाच्या टायमाला तांदूल हितंच काडायचा, गलबताच्या निम्म्यातला. ज्याच्या त्याच्या बायकोनं येऊन मापायचा. माझ्या परसात कोनी यायचा नाय." ती थांबली. "आन माझा बोलना ऐकायचा आसंल, तर तो येगला. तो मी फुकट ऐकवंन, पौर्निमेला पन."

"गलबताच्या निम्म्यातला?" तांडेल म्हणाला. गलबताचे निम्मे म्हणजे मालकाचे, म्हणजे त्याचेच.

"मंग काय माझ्या मायेरचा?"

किती पायल्या, यावर बोलणे झाले. ते बोलणे चांगलेच मोठ्याने झाले, आणि त्यात बोलक्याने तांडेलाच्या बापापासून सगळ्यांची आठवण काढली. शेवटी जे ठरले ते आधी मिळत असलेल्या तांदळापेक्षा फार जास्त नव्हते. फरक एवढाच, की ते आधी ठरले होते, आणि सात जणांनी, तांडेलिणीने, एका सारंगाने आणि मी ते ऐकले होते. तांडेलाने बोलक्याच्या पायाशी हातोडा टाकला. बोलक्याने तो उचलला.

पाचांतला एक मात्र उठला नाही. तो सुकाणू धरणारा होता. वयाने त्यांच्यात सर्वांत लहान, हाताने सर्वांत पक्का. वसईला खाडीच्या मुखाशी भरती-ओहोटीच्या धडकेत गलबत सरळ ठेवायचे काम तांडेल त्याच्यावर सोपवत असे. त्याने मला विचारले, "पंत, माझा काय?"

त्याचे लग्न झाले नव्हते. आईबाप नव्हते. पावसाळ्यात तो बहिणीकडे राही आणि तिच्या नवऱ्याबरोबर भात लावी. त्याला तांदूळ मापून न्यायला घर नव्हते आणि मापणारी बायकोही नव्हती. मी सारंगाला विचारले, की सुकाणू येणाऱ्याला तुमच्याकडे पुढे काय होता येते. सारंग म्हणाला, सुकाणूच्या चाकावर उभा राहतो, पगार वाढतो, आणि डोके असेल तर सारंग होतो. गलबतावर तो दीड भागावरच राहणार होता, कारण तांडेलाला मुलगा होता.

"तुझ्यासाठी आगबोट बरी," मी म्हटले.

तांडेल तसाच वळला. "हा सांगाला बोलावला व्हता का तुमाला?"

"हेच सांगायला बोलावलं होतं," मी म्हटले. "सगळ्यांना सारखं लागू असतं, तर विचारायची गरज नव्हती."

तो गलबताला एक फेरी मारून आला. मग त्या सुकाणूवाल्याला म्हणाला, "जायचा तर जा. पन पौर्निमेचा नारल हितं फोडून जा." तेवढ्यावर ते मिटले. सारंगाने त्याचे दस्तूर माफ केले. सगळ्यांसमोर केले, म्हणून नाइलाजाने केले असेल, पण केले.

पौर्णिमेला गलबत चिखलावरून घसरत पाण्यात गेले. सुकाणूवाल्याने नारळ फोडला आणि बांधावर उभा राहिला. व्यापाऱ्याच्या तांदळाची पोती मुदतीत भरली. सुकाणू तांडेलाने स्वतः धरले. तो पुढे मला म्हणाला, की वसईच्या मुखाशी त्याचे हात इतके दुखले की त्याला बाप आठवला. ठाण्याच्या आमच्या साप्ताहिकात बंदराच्या भावांखाली मी एक ओळ घातली, की अमुक मालाचे गलबत हंगामाच्या पहिल्या आठवड्यात रवाना झाले. संपादकांनी ती जागा भरून काढण्यासाठी ठेवली. वाचणाऱ्याला तिच्यात बातमी दिसली नसणार.

व्यापाऱ्याचा माल त्यानंतरही काही हंगाम गलबताने जात राहिला. कायमचा नाही, कायमचे काही आगगाडीपुढे टिकले नाही. पण त्या गलबताला माणसे कमी पडली म्हणून ते उभे राहिले, असे झाले नाही. पायली गलबतातच टांगलेली असे. आसपासच्या गलबतांवरचे खलाशी हंगाम ठरवताना विचारू लागले, "कोरडा हाय काय?" आणि त्याचा अर्थ एकच होता: तांदूळ गलबतावर मापणार, की परसात? सारंगाची मात्र पंचाईत झाली. कल्याणात माणसे घेताना त्याला दर वेळी समजावून सांगावे लागे. "कोरडा, म्हणजे जेवण तुमचं. आणि चौमासात घरी." त्यावर अर्धी माणसे उठून जात, असे त्याने एकदा मला सांगितले. तक्रार करत होता, पण त्याला मौज वाटत होती.

पुढच्या आषाढात मी बंदरावर भाव विचारायला गेलो, तेव्हा गलबताच्या छपराखाली मापणे चालले होते. शेवटच्या खेपेला उशीर झाला होता, म्हणून तांदूळ पावसातच मापावा लागत होता. बायका ओळीने नव्हत्या उभ्या. बसल्या होत्या, आणि भांडत होत्या. म्हाताऱ्याची बायको पायली काठोकाठ भरून हाताने सपाट करत होती. तांडेलीण बाजूला बसून तिच्या मापण्याला नावे ठेवत होती. बोलका म्हणाला, "फुकट बोलते बरं का, कोनी पैका देऊ नका."

तिथे सुकाणूवालाही होता. आगबोट गोदीत गेली होती आणि रंगाच्या कामात त्याचा नंबर लागला नव्हता. अंगात कंपनीचा निळा सदरा होता. चाकावर उभा राहतो, असे तो म्हणाला. ते खरे असावे, कारण त्याने दोनदा सांगितले.

"आन आता पगार?" म्हाताऱ्याने विचारले.

त्याने सदऱ्याचा खिसा उलटा करून दाखवला. "कोरडा," तो म्हणाला.

"मंग पोता धर," म्हातारा म्हणाला, आणि सुकाणूवाल्याने पोत्याचे तोंड धरले.